ग्रीक पुराणकथा आणि मार्था ग्रॅहम यांची नृत्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन नर्तिका आणि नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांच्या ग्रीक कथांवरच्या नृत्यांचे तुकडे हल्ली कुठेकुठे पाहायला मिळतात आणि पाहणारा बहुधा गोंधळतो. कुणी विचारतं, "हे चाललंय काय?" कुणी विचारतं, "ही बाई एवढी चिडलीये कुणावर?" दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. पुढची उत्तरं प्रेक्षकाच्या खुर्चीतून दिली आहेत, तेव्हा त्यात आवडीनिवडी आल्याच.

मॉडर्न डान्स आणि ग्रीक कथा यांची गाठ पडली कशी?

सुरुवात इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तिकेपासून करावी लागते. जन्म १८७७, सॅन फ्रान्सिस्को. बॅलेचे कडक बूट आणि आवळलेली कंबर तिला नको होती. मग नमुना म्हणून तिने ग्रीक रांजणांवरची चित्रं आणि शिल्पं धरली: अनवाणी पाय, सैल झगा, मागे झुकलेलं डोकं. १९०३मध्ये सगळं डंकन कुटुंब अथेन्सला गेलं, शहराबाहेरच्या एका टेकडीवर जागा घेतली, घर बांधायला काढलं आणि मग लक्षात आलं की जवळपास पाणीच नाही. (त्या जागी आज नृत्याचं केंद्र आहे.) तिच्यासाठी ग्रीस म्हणजे निसर्ग, मोकळेपणा, ऊन. कथांमधल्या रक्तपाताशी तिला फारसं कर्तव्य नव्हतं.

बॅलेवाल्यांनीही ग्रीसकडे हात पसरले. निजिन्स्कीने १९१२मध्ये पॅरिसला देब्युसीच्या संगीतावर फॉनचं (अर्धा माणूस, अर्धा बोकड अशा वनदेवाचं) नृत्य केलं, त्यात नर्तक चित्रातल्यासारखे कडेने चालतात. बालनशिन यांनी १९२८मध्ये स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर अपोलो बसवला. पण ग्रीक शोकांतिकांच्या आत शिरून वीसेक वर्षं तिथेच ठाण मांडलं ते मार्था ग्रॅहम यांनी. म्हणून हे पान मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

त्यांची ग्रीक नृत्यं कोणती?

'केव्ह ऑफ द हार्ट' (१९४६, मेडिआची कथा), 'एरँड इनटू द मेझ' (१९४७, अ‍ॅरिआडनी आणि मिनोटॉर), 'नाइट जर्नी' (१९४७, योकास्टा आणि इडिपस), 'क्लायटेम्नेस्ट्रा' (१९५८), 'अल्सेस्टिस' (१९६०), 'फीड्रा' (१९६२), 'सर्सी' (१९६३) आणि हेक्युबावरचं 'कॉर्टेज ऑफ ईगल्स' (१९६७). ऐंशीच्या दशकात म्हातारपणी त्या पुन्हा या कथांकडे वळल्या, पण त्या नृत्यांत पहिल्यासारखा जोर नाही.

यादी वाचताना एक गोष्ट लगेच दिसते. इडिपस, थीसियस, अ‍ॅगामेम्नॉन, जेसन यांपैकी कुणाचंही नाव या नृत्यांच्या डोक्यावर नाही.

मला ग्रीक कथा माहीत नाहीत. काही कळेल का?

दहा मिनिटं काढून कथा वाचून घ्या. खरंच. या नृत्यांमध्ये कथा सांगितली जात नाही, ती तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चाललेलं असतं. कोकणात दशावताराला बसलेल्या माणसाला आख्यानाचा शेवट आधीच माहीत असतो आणि तरी तो पहाटेपर्यंत उठत नाही. पुढे काय होणार यापेक्षा आज हा नट तो प्रसंग कसा उभा करतो, याकडे त्याचं लक्ष असतं. इथेही तसंच बसायचं.

ग्रॅहमबाईंची रीत एकदा कळली की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात: नाटककार जिथून चार ओळींत पुढे निघून जातो, तिथे त्या थांबतात. आणि त्या जागी बहुतेक वेळा एक बाई उभी असते.

'नाइट जर्नी'मध्ये नेमकं काय घडतं?

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं इडिपसचं नाटक आठवा. आपण जिच्याशी लग्न केलं ती आपली आई आहे, हे इडिपसला कळायच्या आधी योकास्टाला कळतं. ती त्याला म्हणते, आता पुढे चौकशी करू नकोस. तो ऐकत नाही. ती आत निघून जाते. त्यानंतर ती रंगमंचावर दिसत नाही. थोड्या वेळाने एक दूत येऊन तिने गळफास घेतल्याचं सांगतो. म्हणजे तिचं मरण आपल्याला ऐकीव कळतं, आणि लगेच सगळं लक्ष इडिपसच्या फुटलेल्या डोळ्यांकडे जातं.

ग्रॅहम तो बंद दरवाजा उघडतात. नृत्य सुरू होतं तेव्हा योकास्टा हातात दोर घेऊन उभी असते. आंधळा द्रष्टा टायरेसियस येतो आणि त्याच्या काठीने तो दोर अडतो. मरणाच्या त्या एका क्षणात तिला सगळं आयुष्य परत दिसू लागतं आणि पुढचा अर्धा तास आपण ते पाहतो: विजयी इडिपस येतो, तिला जिंकतो, दोघांची शेज होते. हा भाग पाहणं अवघड जातं, आणि जायलाच हवं. ती त्याला कधी प्रियकरासारखी धरते, तर कधी मांडीवरच्या बाळासारखी, आणि एका हालचालीतून दुसरी कधी झाली ते सांगता येत नाही. तोच दोर दोघांभोवती गुंडाळला जातो. तो लग्नाची गाठ आहे, नाळ आहे आणि फासही आहे. तिन्ही अर्थ एकाच वेळी डोळ्यांपुढे असतात, त्यासाठी वेगळी खूण करावी लागत नाही. मग टायरेसियसची काठी त्या दोराला लागते आणि गाठ सुटते. इडिपस योकास्टाच्या वस्त्रावरचा काटा उपसून स्वतःचे डोळे फोडतो आणि ठेचकाळत निघून जातो. नाटकात ज्याला अख्खा शेवट मिळतो, त्याला इथे जेमतेम काही क्षण मिळतात. उरते योकास्टा. ती अंगावरचं राणीचं वस्त्र उतरवते, दोर उचलते.

कोरसच्या, म्हणजे घटना पाहणाऱ्या समूहाच्या, बायकांकडे नीट पाहा. त्यांना काय होणार ते माहीत आहे आणि त्या काही करू शकत नाहीत. त्यांच्या आखडलेल्या उड्या, पोटात कळ आल्यासारखं वाकणं, डोळ्यांवर धरलेले हात. अख्ख्या नृत्यातली सगळ्यात भीतिदायक जागा मला तिथे वाटते.

पहिला प्रयोग ३ मे १९४७ रोजी, हार्वर्ड विद्यापीठाने संगीत समीक्षेवर भरवलेल्या परिसंवादात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे झाला. संगीत विल्यम शुमन यांचं. योकास्टा स्वतः ग्रॅहम आणि इडिपस एरिक हॉकिन्स.

मेडिआने मुलं मारली होती ना? 'केव्ह ऑफ द हार्ट'मध्ये मुलं कुठे आहेत?

नाहीतच. युरिपिडिसच्या नाटकात मेडिआ पहिल्यापासून मध्यभागी आहे, त्यामुळे तिला पुढे आणायची गरज नव्हती. ग्रॅहमनी उलट केलं: काढून टाकलं. उरली चार माणसं. मेडिआ, जेसन, जिच्यासाठी तो मेडिआला सोडतो ती राजकन्या, आणि कोरस म्हणून एकटी एक बाई. मुलं ठेवली असती तर प्रेक्षकाचा सगळा जीव त्यांच्यात अडकला असता आणि 'आई असून?' या प्रश्नापलीकडे कुणी गेलं नसतं. मुलं नाहीत म्हणून मत्सर निव्वळ मत्सर म्हणून दिसतो.

आणि तो दिसतो तो असा: विष लावलेला मुकुट राजकन्येला दिल्यावर मेडिआ एकटी नाचते. छातीजवळून एक लाल फीत ओढून काढते, सापासारखी. ती तोंडात कोंबते, गिळल्यासारखं करते, ओकते. सगळं अंग थरथरतं. गुडघ्यांवर सरकते. सूड उगवणारी बाई दुसऱ्याला जाळते हे कुणीही दाखवेल. इथे ती आधी स्वतःलाच खाते आहे. असं नृत्य १९४६ सालच्या प्रेक्षकांनी पाहिलं, हे लक्षात ठेवून पाहावं.

या नृत्यामागे एक गमतीची हकिकत आहे. मेडिआवरच्या नृत्यासाठी ग्रॅहमना आधी मेक्सिकोचे कार्लोस चावेस संगीत देणार होते. त्यांनी दिलेली रचना मनातल्या नृत्याशी जुळेना, म्हणून त्या संगीतावर त्यांनी 'डार्क मेडो' नावाचं वेगळंच नृत्य केलं, आणि मेडिआसाठी सॅम्युएल बार्बर यांच्याकडून नवं संगीत आलं. पहिला प्रयोग मे १९४६मध्ये कोलंबिया विद्यापीठात 'सर्पंट हार्ट' या नावाने झाला. आजचं नाव पुढच्या वर्षी पडलं. बार्बरनी नंतर त्याच संगीतातून वाद्यवृंदासाठी स्वतंत्र रचना केली आणि ती आजही मैफलींत वाजते.

मिनोटॉरला थीसियसने मारलं. मग 'एरँड इनटू द मेझ'मध्ये तो कुठे आहे?

त्यालाही सुट्टी दिली आहे. मिनोटॉर म्हणजे चक्रव्यूहात राहणारा, बैलाचं डोकं असलेला राक्षस. मूळ कथेत अ‍ॅरिआडनी दोऱ्याचं टोक धरून बाहेर उभी राहते आणि पराक्रम थीसियस करतो. इथे तीच चक्रव्यूहात शिरते. समोर येतो तो शिंगांचा प्राणी म्हणजे तिची भीती. त्याच्या खांद्यांवर जू ठेवल्यासारखी काठी आहे आणि हात तिला अडकलेले आहेत, त्यामुळे तो झेपावतो तेव्हा जास्तच भयानक वाटतो. गाठ पडते, ती निसटते, पुन्हा गाठ पडते. शेवटी ती त्याच्या अंगावर चढून त्याला खाली पाडते. दोनच नर्तक, पंधरा मिनिटांच्या आसपासचा खेळ, जान कार्लो मेनॉत्ती यांचं संगीत. इथे शेवट सुखाचा आहे, आणि ग्रॅहमच्या ग्रीक जगात तसा तो क्वचितच असतो.

'क्लायटेम्नेस्ट्रा' एवढं लांब का आहे?

कारण त्यात प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसची या घराण्यावरची तीनही नाटकं बसवायची होती. राजाने दिलेला मुलगी इफिजिनियाचा बळी, ट्रॉयचं युद्ध, राणी क्लायटेम्नेस्ट्राने केलेला राजा अ‍ॅगामेम्नॉनचा खून, मुलाने केलेला आईचा खून. सुरुवात मात्र सगळं संपल्यावर होते. तिसऱ्या नाटकात क्लायटेम्नेस्ट्राचं भूत थोडा वेळ येतं आणि तक्रार करतं की मेलेल्यांच्या जगातही मला मान नाही. एस्किलस तिचं ऐकतो न ऐकतो आणि मुलाच्या खटल्याकडे वळतो. ग्रॅहमनी ती तक्रार उचलली आणि तिच्यावर सबंध संध्याकाळ उभी केली. पाताळात उभी राहून क्लायटेम्नेस्ट्रा विचारते, सगळ्यांनी खून केले, मग डाग माझ्याच नावाला का? उत्तर शोधायला ती आपलं आयुष्य पुन्हा पाहते आणि त्यात आपला वाटाही पाहते.

संगीत कैरोत जन्मलेल्या हलीम अल-दब्ह यांचं आहे. रंगमंचाच्या कडेला गाणारे उभे असतात आणि त्यांचे आवाज कधी गातात, कधी नुसते हुंकारतात. लाल कापडाचा वापर विसरता येत नाही: अ‍ॅगामेम्नॉनसाठी अंथरलेली पायघडी आणि त्याचं रक्त, दोन्ही त्याच रंगात. बर्ट्रम रॉस या नर्तकाने पहिल्या प्रयोगात नवरा अ‍ॅगामेम्नॉन आणि मुलगा ओरेस्टिस दोन्ही भूमिका केल्या. ज्याला मारलं त्याचाच चेहरा घेऊन मारणारा परत येतो. ही निवड मला अख्ख्या नेपथ्यापेक्षा बोलकी वाटते.

१ एप्रिल १९५८ला न्यूयॉर्कमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा ग्रॅहम ६३ वर्षांच्या होत्या आणि मुख्य भूमिकेत स्वतः होत्या. लांबी मात्र जाणवते. मधला युद्धाचा भाग रेंगाळतो, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही.

या हालचाली अशा तुटक, आखडलेल्या का दिसतात?

ग्रॅहम यांचं तंत्र श्वासावर उभं आहे. श्वास सोडताना ओटीपोट आत खेचलं जातं, कण्याला बाक येतो, खांदे पुढे येतात. याला काँट्रॅक्शन म्हणतात. श्वास घेताना कणा परत लांब होतो, तो रिलीज. ऐकायला सोपं आहे. पण हुंदका येतो, उलटी होते, जोराचं हसू फुटतं किंवा पोटात गुद्दा बसतो तेव्हा शरीर नेमकं हेच करतं, आणि म्हणून ही हालचाल पाहताना आपल्याला काहीतरी ओळखीचं वाटतं. हात-पाय त्यामागून येतात, आधी धड हलतं.

दुसरी गोष्ट जमीन. बॅले नर्तिका वजन नसल्याचं भासवते, इथे वजन मुद्दाम दाखवलं जातं. वर्गाची सुरुवातच जमिनीवर बसून होते. पडणं ही वेगळी शिकवली जाणारी विद्या आहे: उभ्याने, गुडघ्यांतून, कण्याला पीळ देत जमिनीवर जायचं आणि तितक्याच ताब्याने उठायचं. कष्ट लपवायचे नाहीत. नर्तकाचा श्वास पहिल्या रांगेत ऐकू येतो आणि तो यायलाच हवा.

कोन, आखडलेले तळवे, कडेने दिसणारा देह यांत रांजणावरच्या चित्रांची आठवण आहे. पण डंकनने त्या चित्रांत वारा पाहिला, ग्रॅहमनी ताण पाहिला.

भरतनाट्यम किंवा कथकमधल्या अभिनयाशी याचं काही साम्य?

आपल्याकडे एकच नर्तिका क्षणात यशोदा होते, क्षणात कृष्ण, आणि हाताच्या मुद्रेला ठरलेला अर्थ असतो. जाणकार प्रेक्षक तो वाचतो. ग्रॅहमकडे अशी ठरलेली बोली नाही. चेहरा बराचसा स्थिर, जवळजवळ मुखवट्यासारखा, भाव धडात. त्यामुळे डोळ्यांचा अभिनय शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

साम्य आहे ते एका प्रसंगावर रेंगाळण्यात. पदात एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन तिचे पदर उलगडतात, तसा ग्रॅहम एक क्षण घेतात. आपल्या रसिकाला हे नवं वाटायचं कारण नाही.

रंगमंचावर त्या हाडांसारख्या विचित्र वस्तू कसल्या?

शिल्पकार इसामु नोगुची यांचं नेपथ्य. ग्रॅहमबरोबर त्यांचं काम १९३५ला सुरू झालं. ग्रीक नृत्यांत त्यांनी खांब, देऊळ, पायऱ्या असलं काही ठेवलं नाही. 'नाइट जर्नी'मधली शेज तिरकी आहे, तिच्यावर कुणाला नीट झोपता येणार नाही. पुरुष आणि स्त्री यांच्या देहांचे दोन आकार एकमेकांना टेकल्यासारखी ती दिसते. 'एरँड'मध्ये चक्रव्यूह दाखवायला जमिनीवर एक वेडावाकडा दोर आणि कमरेच्या हाडासारखी दुबेळकी चौकट एवढंच आहे.

सगळ्यात प्रसिद्ध ती मेडिआसाठी केलेली पितळी तारांची रचना. आधी ती नुसती उभी असते, झुडपासारखी चकाकत. शेवटी मेडिआ तिच्यात शिरते आणि ती अंगावर घेऊन चालू लागते. मेडिआ सूर्याची नात. ती तारांची झळाळी म्हणजे तिचा रथ, तिचा पिंजरा, तिचे कपडे. वस्तू नाचात उतरते याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये ग्रॅहम यांच्या नृत्यकंपनीच्या तळघरात पाणी शिरलं आणि नेपथ्य, कपडे यांचं फार मोठं नुकसान झालं. पुढच्या वर्षी 'एरँड' नेपथ्याशिवाय, साध्या कपड्यांत सादर केलं गेलं. नृत्य तेवढ्यावरही उभं राहिलं.

प्राचीन ग्रीक लोक असेच नाचायचे का?

नाही. शोकांतिकांमध्ये कोरस गायचा आणि नाचायचा, हे पक्कं आहे. एस्किलसच्या काळी कोरसमध्ये १२ जण आणि नंतर १५ जण असत, असं परंपरा सांगते. ते सगळे पुरुष. पण पावलं कुणी लिहून ठेवली नाहीत. रांजणांवरची चित्रं म्हणजे थांबलेले क्षण. त्याच्या आधी आणि नंतर काय होतं ते चित्र सांगत नाही.

तरी लोकांनी प्रयत्न केले. इव्हा पाल्मर ही अमेरिकन बाई ग्रीक कवी अँगेलोस सिकेलियानोसची बायको. दोघांनी १९२७ आणि १९३०मध्ये डेल्फीच्या प्राचीन नाट्यगृहात उत्सव भरवले, 'बंदिस्त प्रॉमिथियस' हे ग्रीक नाटक बसवलं, कपड्यांसाठी कापड तिने मागावर विणलं. श्रद्धा मोठी होती. ग्रॅहमनी मात्र असा दावा कधी केला नाही. त्यांचं नृत्य विसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कचं आहे आणि ते लपवत नाही.

अमेरिकन बाईला ग्रीक कथाच का हव्या होत्या?

तीसच्या दशकात आणि चाळीसच्या सुरुवातीला त्या अमेरिकेबद्दलच नाचत होत्या. 'अ‍ॅपलेशियन स्प्रिंग' हे नवविवाहित जोडप्याचं गाजलेलं नृत्य १९४४चं. दोनच वर्षांत तिथून मेडिआपर्यंत उडी.

ग्रॅहम यांचे वडील मानसिक आजारांचे डॉक्टर होते. त्यातून चाळीसच्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये मनाचा अभ्यास करणारे फ्रॉइड आणि युंग सगळ्यांच्या बोलण्यात होते. मिथकांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांची पत्नी जीन अर्डमन ग्रॅहमच्या कंपनीत नाचायची, तेव्हा ती चर्चा घरचीच होती. पुराणकथा म्हणजे सगळ्यांचं मिळून पडलेलं स्वप्न, ही समजूत त्या काळी जोरात होती.

एरिक हॉकिन्स यांच्याशी असलेल्या नात्याचाही उल्लेख नेहमी होतो. ते १९३८मध्ये कंपनीत आलेले पहिले पुरुष नर्तक, वयाने पंधरा वर्षांनी लहान, १९४८मध्ये लग्न आणि थोड्याच वर्षांत फारकत. जेसन आणि इडिपस दोन्ही त्यांनीच केले. हे माहीत असलं की नृत्याकडे पाहताना मनात येतंच. पण दोर, काठी, शेज यांची एवढी नेमकी बांधणी घरच्या भांडणातून निघत नाही, तिच्यासाठी तालमी लागतात.

हे सगळं आता जुनाट नाही का वाटत?

काही जागी वाटतं. फ्रॉइडची छाया गडद आहे, पुरुष पात्रं छाती काढून चालतात आणि त्यांना दुसरं काही काम नसतं. विनोद औषधालाही नाही. ग्रॅहमच्या कंपनीतून बाहेर पडलेले मर्स कनिंगहॅम कथा आणि भावना दोन्ही सोडून गेले, ते उगाच नाही.

त्या काळी मात्र आक्षेप उलट्या बाजूने यायचे. सरकारी मदतीने परदेशात 'फीड्रा' दाखवलं गेलं तेव्हा १९६३मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या दोन सदस्यांनी ते फारच कामुक आहे अशी तक्रार केली. तिकिटांना मागणी वाढवायला एवढं पुरतं.

आज तरुण नर्तकी मेडिआ करते तेव्हा जुनाटपणा विसरायला होतो. वाईट सादरीकरणात तीच मेडिआ मूकपटासारखी दिसते. मधली जागा या नृत्यांना नाही.

ग्रॅहमनंतर कुणी ग्रीक कथांना हात घातला?

बऱ्याच जणांनी. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाऊश यांनी वुपर्टालमध्ये संगीतकार ग्लुकच्या दोन ऑपेरांवर नृत्यं केली: १९७४मध्ये इफिजिनिया, १९७५मध्ये ऑर्फियस. ऑर्फियसमध्ये मुख्य पात्रांसाठी एक गाणारा आणि एक नाचणारा असे दोघे एकाच वेळी मंचावर असतात. ग्लुकने ऑपेराला गोड शेवट दिला होता, तो बाऊशनी कापून टाकला. दिमित्रिस पापायोआनू या ग्रीक दिग्दर्शकाने १९९३मध्ये मेडिआ केली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा त्यांचाच. अक्रम खान यांनी २०१८मध्ये अथेन्सला सादर केलेल्या 'झेनोस'मध्ये प्रॉमिथियसची कथा पहिल्या महायुद्धात लढलेल्या भारतीय शिपायापर्यंत आणली, आणि तीही कथकच्या घुंगरांसकट.

भारताशी काही संबंध?

ग्रॅहम ज्या डेनिशॉन शाळेत घडल्या, तिच्या रूथ सेंट डेनिस १९०६पासून 'राधा' नाचत होत्या. त्यात भारत किती आणि कल्पना किती हा वेगळा विषय. डेनिशॉनचा संच १९२६मध्ये भारतात येऊन गेला, पण ग्रॅहम तोवर तिथून बाहेर पडल्या होत्या. त्यांची स्वतःची कंपनी अमेरिकन सरकारच्या आशिया दौऱ्यात १९५५-५६च्या हंगामात भारतात आली.

मुंबईकरांना जवळचं नाव म्हणजे अस्ताद देबू. लहानपणी कथक शिकलेले देबू १९६९मध्ये परदेशी निघाले आणि लंडनमध्ये ग्रॅहम तंत्र शिकले. पुढे कथकलीही शिकले. २०२०मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचं संथ, जमिनीला धरून फिरणं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ग्रॅहमचा धडा कुठे गेला ते सांगावं लागणार नाही.

यातलं एखादं नृत्य आमच्या स्नेहसंमेलनात बसवता येईल का?

जसंच्या तसं, परवानगीशिवाय, नाही. ग्रॅहम १९९१मध्ये गेल्यावर नृत्यांची मालकी कुणाची यावर मोठा खटला झाला. २००२मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बहुतेक नृत्यं त्यांच्या वारसदाराची नसून संस्थेची ठरवली आणि २००४च्या अपिलात तो निकाल बव्हंशी टिकला. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही नोंदवून ठेवलेली नृत्यरचना नाट्यकृतीत धरली जाते.

कथा मात्र कुणाच्या मालकीच्या नाहीत. योकास्टा घ्या, पावलं तुमची बसवा.

लहान मुलांना दाखवावं का?

'एरँड' बिनधास्त दाखवा. राक्षस आहे, तो हरतो. बाकीची पंधरा-सोळा वर्षांपर्यंत थांबू द्या.

सुरुवात कुठून करू?

१९६१च्या 'नाइट जर्नी' चित्रपटापासून. त्यात योकास्टा स्वतः ग्रॅहम आहेत, पासष्टी उलटलेल्या. उड्या आता कोरसच्या वाट्याला गेल्या आहेत आणि त्या स्वतः कमीत कमी हलतात, पण नजर हटत नाही. काठी आपटत येणारा टायरेसियस म्हणजे पॉल टेलर, जे नंतर स्वतः मोठे नृत्यदिग्दर्शक झाले. त्याला जोडून १९५७चा 'अ डान्सर्स वर्ल्ड' पाहता येईल. त्यात ग्रॅहम आरशासमोर बसून योकास्टाची रंगभूषा करता करता नर्तकाच्या कामाबद्दल बोलतात आणि मध्ये मध्ये कंपनीचे नर्तक तंत्र करून दाखवतात. 'क्लायटेम्नेस्ट्रा' १९७९मध्ये अमेरिकन टेलिव्हिजनसाठी चित्रित झालं, ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवा आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका.

प्रत्यक्ष पाहायची संधी मिळाली तर पुढची रांग घ्या. १९२६मध्ये सुरू झालेली ग्रॅहम यांची कंपनी अजून दौरे करते, आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'केव्ह ऑफ द हार्ट' असेल तर महाग तिकिटाची तक्रार करू नये.